दहा दिवसांची मुंबई

ठक्-ठक्!

लोखंडी कात्री लाकडी टेबलावर दोनदा आपटली की असा आवाज येतो. महाडच्या बाजारपेठेत आमचं टेलरिंगचं दुकान होतं, तिथं मी तो पहिल्यांदा ऐकला. त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. आमचे मास्तर तोंडाने कुणाला गप्प बसवायचे नाहीत. कात्री दोनदा आपटायचे. म्हणजे बोलणं बस, आता मी सांगतो ते ऐका.

एरवी महिन्यातून एखाद्या वेळी वाजणारी ही कात्री दिवाळीच्या आधी मात्र रोज वाजायची. कारण तेव्हा एकच वाद असायचा, सुट्टीला कुठं जायचं!

टेबलाखाली चिंध्या कुणी मुद्दाम जमवत नाही. कापताना पडत राहतात, आणि एक दिवस झाडायला वाकलं की पोतंभर निघतात. किस्स्यांचं तसंच आहे. परवा सुनेने सहज विचारलं, "मामंजी, तुम्ही तेव्हा कुठं फिरायला जायचा की नाही?" आणि पोतंच निघालं.

आम्हाला वर्षात एकच मोठी सुट्टी. दिवाळीचे कपडे गिऱ्हाइकांच्या अंगावर चढले की भाऊबीजेला दुकान बंद. उघडायचं ते तुळशीच्या लग्नाला, कारण तिथून लग्नसराईची कापडं यायला लागायची. मधले आठ-दहा दिवस मास्तर आम्हाला घेऊन बाहेर पडायचे.

आम्ही चौघं. मास्तर कापायचे. दगडूदादा कोट आणि पँटी शिवायचा. वरंधचा बाबू शर्ट शिवायचा आणि बोलायचा, दोन्ही एकाच वेगाने. मी पोलादपूरकडचा, चौथीपर्यंत शिकलेला. माझ्याकडे काज-बटणं आणि हातशिलाई. सुईचा आवाज होत नाही, म्हणून मला सगळ्यांचं बोलणं नीट ऐकू यायचं.

"मास्तर, एका खोलीत दहा दिवस बसून काय करायचं?" बाबू सुरू व्हायचा. "जग केवढं हाय! दोन दिवस इथं, दोन दिवस तिथं, असा प्रोग्रॅम करू."

"मुंबई," दगडूदादा म्हणायचा.

"अहो दादा, पण मुंबईत दहा दिवस बघायचं काय?"

"मुंबई."

ठक्-ठक्!

"मुंबई," मास्तर म्हणायचे. "आक्काकडे उतरू." आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिची परळला चाळीत खोली होती.

दगडूदादा मुंबई का म्हणतो हे मास्तरांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. बाबूलाही ठाऊक होतं, म्हणूनच तो एका ठकठकीत गप्प बसायचा.

*

दगडूदादाला एकुलता एक मुलगा, प्रकाश. आमच्याच दुकानात शिकला. हात बापासारखा. पण सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला तो मुंबईला रेडिमेडच्या कारखान्यात लागला, आणि शिमग्याला सुट्टीवर आला तो थेट दुकानात. नवी पँट, खिशात कंगवा!

"काय करतोस रे तिकडं?" दगडूदादाने विचारलं.

"कॉलरवर हाय, अप्पा. तिकडं एक जण नुसत्या बाह्या शिवतो, एक नुसते खिसे. मी कॉलर."

"आणि माप कोण घेतो?"

"माप नाय घेत. साईज असते. छत्तीस, अडतीस, चाळीस."

दगडूदादाने मशीन थांबवलं. "म्हणजे माणूस बघायच्या आधी शर्ट तयार?"

"होय."

"मग तो शर्ट नाय. ती पिशवी हाय. माणसं पिशवीत भरायला मी तुला मशीनवर बसवला नव्हता."

प्रकाशचा चेहरा पडला. पण वय वीस. तो म्हणाला, "तुमच्या एका कोटाला आठ दिवस लागतात, अप्पा. तेवढ्यात माणूस जाडा होतो!"

बाबू हसला. तो हसायला नको होता. दगडूदादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "परत माझ्यासमोर यायचं नाय."

प्रकाश गेला. त्या दिवशी दगडूदादाने एका कोटाची बाही दोनदा उसवली. त्यानंतर प्रकाश गावी आला नाही, आणि दगडूदादाने त्याचं नाव घेतलं नाही. सुट्टीचा विषय निघाला की तेवढं म्हणायचा, "मुंबई."

*

त्या साली मुंबईला गेल्यावर मास्तर, बाबू आणि मी राणीबागेत गेलो. आत शिरलो तो समोर हत्ती!

बाबू म्हणाला, "मास्तर, याला पँट शिवायची तर कापड किती लागेल?"

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. मास्तरांनी एक डोळा बारीक केला. "चार पाय. म्हणजे दोन पँटी."

"कमरेला जोडाव्या लागतील."

"जोडलं तर बसेल कसा? उसवेल."

"मग इलॅस्टिक घालू!"

"आमच्या दुकानात इलॅस्टिक नाय चालत," मास्तर म्हणाले. मग दोघं वाळूवर काडीने आकृती काढत बसले. माहुताने हत्तीला फिरवलं तर मास्तर त्याला म्हणाले, "जरा मागून दाखवा हो." शेवटी रखवालदार शिट्टी वाजवत आला. बाग बंद. वाघ, सिंह, माकडं, सगळं राहिलं!

आक्काच्या गॅलरीत दगडूदादा बसला होता. आम्ही त्याला सगळा हिशेब सांगितला. किती वार कापड, कुठं जोड, कुठं चुण्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेपटीला वाट ठेवलीत का?"

मास्तर दुसऱ्या दिवशी परत राणीबागेत गेले.

*

दगडूदादा आमच्याबरोबर फारसा बाहेर पडायचा नाही. आम्ही चौपाटीला जायचो, गेटवेला जायचो, तो मागे राहायचा. आक्काच्या गॅलरीतून चाळीचं फाटक दिसायचं. तिथं तो स्टुलावर बसायचा.

एकदा आक्का त्याला म्हणाली, "दगडू, जा ना रे पोराकडे. बाप हायस तू. तुला कोण अडवणार?"

"त्याने यावं."

"आणि तोही तिकडं बसून असंच म्हणत असेल तर?"

"तर माझाच हाय म्हणायचा," दगडूदादा म्हणाला.

आक्का आत गेली आणि त्याच्या चहात साखर जास्त घालून घेऊन आली. तिला दुसरं काय करता येणार होतं?

*

आता बाबूच्या बापाचं ऐका.

भाऊबीज ते तुळशीचं लग्न, म्हणजे आमच्याकडे ऐन भातकापणीचे दिवस. बाबू घरी सांगायचा, मास्तर मुंबईला ट्रेनिंगला नेतात. नाय गेलो तर नोकरी जाईल! दोन वर्षं हे खपलं. तिसऱ्या वर्षी त्याचा बाप वरंधहून थेट दुकानात आला. कमरेला कोयता.

"मास्तर, पोराचं ट्रेनिंग ह्या टायमाला पुढं नाय ढकलता यायचं? कापणी पडलीय."

बाबू मशीनखाली काहीतरी शोधायला लागला. मास्तरांना खोटं बोलता येत नसे, आणि बाबूला उघडं पाडणंही त्यांच्याने होईना. त्यांनी कात्री उचलली, खाली ठेवली. मग म्हणाले, "बाबा, तुम्हीच चला ना. काय ट्रेनिंग असतं ते बघा तरी."

म्हातारा आला की हो! तीन दिवसांसाठी म्हणून आला. समुद्र बघितला, दुमजली बस बघितली, वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून त्याच बसने तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या दिवशी बाबू म्हणाला, "बाबा, कापणी?"

"तुझी आय हाय ना तिकडं," म्हातारा म्हणाला. "अर्धवट ट्रेनिंग घेऊन काय फायदा?"

पुढच्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं. बाबूची आई!

"मास्तर," ती म्हणाली, "कोयता त्यांच्या हातात देऊन आलेय. यंदा ट्रेनिंगला मी."

*

एका वर्षी मुंबई नव्हतीच. आक्काची मुलगी बाळंतपणाला आली होती, खोलीत जागा नव्हती. बाबूला रान मोकळं मिळालं! त्याने वहीच्या पानावर प्रोग्रॅम काढला. महाबळेश्वर, वाई, सातारा, कोल्हापूर, सांगली, पुणे, भोर. आठ दिवसांत सात गावं.

काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. गाडी चुकायला नको म्हणून आम्ही स्टँड सोडायचो नाही. महाबळेश्वरला धुकं होतं, ते स्टँडवरूनच बघितलं. कोल्हापूरला बाबू एकटा बाजारात पळत गेला आणि पळत आला. हातात चप्पल, एकाच पायाची! दुसरी बांधून घ्यायला वेळ नव्हता म्हणे.

दगडूदादा कुरकुरला नाही. प्रत्येक स्टँडवर उतरला की चौकशीच्या खिडकीपाशी जायचा आणि विचारायचा, "मुंबईची गाडी किती वाजता?" खिडकीतला सांगायचा. हा मान हलवायचा आणि आमच्या बाकड्यावर येऊन बसायचा. वाईला बाबू हसला. साताऱ्याला त्याने मला कोपर मारलं. सांगलीला मात्र दगडूदादा खिडकीकडे निघाला तेव्हा बाबू म्हणाला, "बसा दादा, मी विचारून येतो."

येताना वरंध घाटातून आलो. वरंधला गाडी थांबली तर बाबूचा बाप रस्त्यावरच उभा. "काय रे, काय काय बघितलंत?"

बाबूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बराच विचार केला.

"सात स्टँड बघितले," तो म्हणाला. "बाकडी वाईची चांगली हायत."

*

मग एकदा उलटं झालं. उन्हाळ्यात आक्काच महाडला सुट्टीवर आली. पहिल्यांदाच, एकटी.

आम्ही ठरवलं, इतकी वर्षं तिने आम्हाला मुंबई दाखवली, आता आपण तिला आपला मुलूख दाखवायचा. बाबूने परत वही काढली. एक दिवस शिवथरची घळ, एक दिवस उमरठ, एक दिवस वरंध घाट. मास्तरांच्या ओटीवर उभा राहून त्याने सगळा प्रोग्रॅम वाचून दाखवला.

आक्का सारवलेल्या जमिनीवर आडवी झाली होती. उशीसुद्धा घेतली नव्हती. ती म्हणाली, "मला कुठं नको नेऊ रे. मला हितं पाय पसरून पडू दे. लग्न झाल्यापासून पाय पोटाशी घेऊन झोपतेय मी."

बाबूची वही मिटली. आक्का चार दिवस तशीच पडून राहिली. जेवायला उठायची, परत यायची, आधी उजवा पाय लांब करायची, मग डावा. मास्तरांच्या बायकोने तिच्यासाठी ओटीवरचं धान्याचं पिंपसुद्धा हलवलं.

शेवटच्या दिवशी आक्का म्हणाली, "बाबू, तूच शिवथरला जाऊन ये, आणि मला सांग." हा गेला, आला आणि असं काही वर्णन केलं की काय सांगू! झाडी, खाली पडणारं पाणी, आतला गारवा. आक्का डोळे मिटून ऐकत होती. मुंबईला परत गेल्यावर तिने सगळ्या चाळीला घळीचं वर्णन केलं म्हणे, आणि बाबूचं नाव कुठंच नव्हतं!

तिला गाडीत बसवून आम्ही दुकानात आलो. तिच्या खोलीत तिचीच सहा माणसं. वर दरवर्षी दहा दिवस आम्ही चार बाप्ये, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरून झोपलेले. शिंप्याला नजरेनेच माप कळतं म्हणतात. आम्हा चौघांना इतक्या वर्षांत त्या खोलीचं माप कळलं नव्हतं.

*

त्या दिवाळीला वाद झालाच नाही. मास्तर म्हणाले, "यंदा मुंबईत दोनच रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी वज्रेश्वरी, मग पुढं नाशिक."

बाबू इतकी वर्षं हेच मागत होता. पण आता त्याने दगडूदादाकडे बघितलं.

"बरोबर हाय," दगडूदादा म्हणाला. "आक्काला त्रास नको." मग तो मशीनच्या सुईत दोरा घालायला लागला. जमेना. थोड्या वेळाने त्याने रीळ माझ्याकडे दिलं.

दहा दिवस स्टुलावर बसून जो मुलगा फाटकात दिसला नाही, तो दोन दिवसांत कुठून दिसणार?

मुंबईत पोचलो त्या दुपारी मी एक काम केलं. आयुष्यात मी फार कमी गोष्टी कुणाला न विचारता केल्या, त्यातली ही एक. पोलादपूरचा एक ओळखीचा प्रकाशच्याच कारखान्यात होता. त्याच्याकडून कारखान्याचा पत्ता मला आधीच कळला होता. मी तो दगडूदादाला कधी सांगितला नव्हता, कारण त्याने कधी विचारला नव्हता. मी एकटाच गेलो. जेवणाच्या सुट्टीत प्रकाश बाहेर आला. केसांत दोऱ्याचे तुकडे. बापासारखाच दिसायला लागला होता.

"गणूकाका! तुमी?"

"परवा सकाळी आठला आक्काकडून निघतोय आम्ही. यंदा दोनच दिवस हाय."

"अप्पांनी पाठवलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाय रे. मीच आलो."

तो खाली बघत राहिला. "माझं नाव तरी घेतात का?"

"तुझं नाय घेत," मी म्हणालो. "दरवर्षी मुंबईचं घेतो."

घंटा झाली. प्रकाश आत गेला. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही.

तो दिवस गेला. दुसरा दिवस गेला. दगडूदादा स्टुलावर बसला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिशव्या भरून गॅलरीत आलो, आणि जिन्यावर पावलं वाजली.

प्रकाश होता. काखेत वर्तमानपत्राचं पुडकं. बापासमोर येऊन उभा राहिला आणि पुडकं पुढे केलं.

"अप्पा, हे."

दगडूदादाने त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. पुडकं घेतलं, दोरा सोडला. आत पांढरा शर्ट. कुठल्याही शिंप्याच्या हातात शर्ट दिला की तो आधी उलटा करून आतली शिलाई बघतो. दगडूदादाने तेच केलं. बगल बघितली. बाहीचा जोड बघितला. कॉलरच्या टोकाखाली नख घालून बघितलं. घडीच्या रेषा पिवळट पडल्या होत्या. शर्ट कालचा नव्हता. कितीतरी दिवस तसाच घडी घालून ठेवलेला असणार.

 

मग दगडूदादाने अंगातला शर्ट काढला, तिथंच, गॅलरीत. आणि पांढरा घातला. खालपासून वर एकेक बटण लावलं.

दगडूदादाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. वर्षानुवर्षं कोळशाची जड इस्त्री उजव्या हाताने फिरवून तो तसा उतरला होता. असा माणूस कुठल्याही साईजचा शर्ट घालू दे, उजवीकडे चुणी पडणारच. मास्तर पुढे झाले आणि सवयीने चुणी सरळ करायला हात उचलला.

चुणी नव्हती. उजवा खांदा बोटभर उतरवून कापलेला होता. पोटावर मात्र शर्ट सैल पडला, कारण एवढ्या वर्षांत दगडूदादा वाळला होता.

"मास्तर," बाबू कुजबुजला, "ह्याने माप घेतलं कधी?"

मास्तरांनी खांद्याच्या शिलाईवरून अंगठा फिरवला.

दगडूदादाने आपली पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागला. काढलेला शर्ट कठड्यावरच राहिला. तो प्रकाशने उचलला. आम्ही सगळे मागोमाग खाली आलो. फाटकाबाहेर आमचा बसस्टॉप डाव्या हाताला. दगडूदादा उजवीकडे वळला.

"दगडू!" मास्तरांनी हाक मारली. "बस इकडं हाय! वज्रेश्वरी!"

प्रकाश माझ्या शेजारी उभा होता, हातात बापाचा शर्ट. त्या रस्त्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "काका, अप्पांना तिसऱ्या गल्लीतली माझी खोली तुमी दाखवलीत?"

मी मान हलवली. मी नाही. मास्तरांनी मान हलवली. बाबूने तर दोन्ही हात हलवले.

समोर दगडूदादा चालला होता. पहिली गल्ली सोडली, दुसरी सोडली, तिसरीत वळला. कुणाला काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही.